चार सेंटिमीटरचा तुकडा

१

कुंपण चौदा मीटर लांब आणि पाऊण मीटर जाड. एका ओळीत बावन्न झुडपं, खाऱ्या वाऱ्याला दाद न देणारी, जाड पानांची. दोन्ही बाजूंना फरसबंद पायवाट. पायवाटेवर पडलेली पानं: समुद्राकडच्या बाजूला एकही नाही, पलीकडच्या बाजूला एकही नाही. पायांचे ठसे नाहीत, कारण फरशीवर ठसे उमटत नाहीत. कुंपणाची उंची समुद्राकडच्या कडेला एकशे एकोणपन्नास सेंटिमीटर, पलीकडच्या कडेला एकशे बावन्न.

असायला हवी होती एकशे ऐंशी.

काकूंनी टेप गुंडाळला आणि त्या उठून उभ्या राहिल्या. गुडघे कुरकुरले, पण तिकडे त्यांनी लक्ष दिलं नाही. शेजारी गल्लीच्या कमिटीचे सेक्रेटरी हाताची घडी घालून उभे होते. पाच आठवडे लेकीकडे राहून ते शनिवारी परतले होते आणि आज सोमवारी सकाळी त्यांनी काका-काकूंना बोलावून घेतलं होतं.

सेक्रेटरी तसे वाईट नव्हते. ओरडले नाहीत, उलट आवाज खाली आणून बोलले, आणि तेच काकूंना जास्त लागलं. म्हणाले, काकांनी एकतीस वर्षं या गल्लीतली अकरा घरांची कुंपणं सांभाळली, ते कुणी विसरलेलं नाही. पण हे बघा, वरून कसं दिसतंय, जनावरानं चरून टाकल्यासारखं. डोळ्याचं ऑपरेशन झालंय, हाताचा अंदाज चुकत असेल. वय सगळ्यांचंच होतं. रविवारी दहा वाजता कमिटीची बैठक आहे, तिथे काम मशीनवाल्याला द्यायचं ठरवू, म्हणजे काकांनाही आराम.

काका कुंपणाच्या माथ्यावरून हात फिरवत होते. तापलेल्या मुलाच्या कपाळावरून फिरवावा तसा. काकू वाट बघत होत्या की आता हा माणूस काहीतरी बोलेल. तसे ते तोंडाचे फटकळ. गेल्या वर्षी कुणी तरी छाटणीला ‘हजामत’ म्हटलं होतं, तर काकांनी शिडीवरूनच त्याच्या केसांची चौकशी केली होती.

काका बोलले, पण भलतंच.

“बरोबर आहे साहेब,” ते म्हणाले. “मीच केलं असणार.”

२

घरी आल्यावर काकांनी मोठी कात्री पुसली, तेल दिलं आणि खिळ्याला टांगली. ती खिळ्याला फक्त आजारपणात टांगली जायची. जेवायला बसले, पण जेवण पुढ्यात निवत राहिलं.

काकूंनी खोदून खोदून विचारलं तेव्हा हळूहळू बाहेर आलं. त्या कुंपणाची उंची अठ्ठावीस वर्षं दीडशे सेंटिमीटर होती. तीन वर्षांपूर्वी दोन घरांमधल्या दोन बहिणींचं बिनसलं, आणि दोघींनी वेगवेगळं येऊन एकच मागणी केली: पलीकडचं डोकंसुद्धा दिसायला नको. तेव्हापासून एकशे ऐंशी. आठ आठवड्यांपूर्वी काका छाटणीला गेले तेव्हा डाव्या डोळ्यावर अजून धूसर होतं. दोरी बांधताना हात सवयीनं जुन्या खुणेवर गेला असणार. दीडशेवर दोरी ताणली, आणि तिच्याबरहुकूम छाटत गेले.

“मला आठवत नाही,” काका म्हणाले. “हेच तर वाईट आहे. चूक झाली तर झाली. पण आठवत नाही.”

हिशोब अगदी जुळत होता. छाटणी करणाऱ्या माणसाची चूक अशीच होणार. त्याचा हात वाकडं कापणार नाही, तो चुकीच्या खुणेवर सरळ कापेल. अठ्ठावीस वर्षांची सवय तीन वर्षांत जात नाही.

पण काकू धारवाल्या होत्या. काकांची हत्यारं त्याच लावत आणि आता गावातल्या अर्ध्या स्वयंपाकघरांच्या सुऱ्याही त्यांच्याकडेच यायच्या. बाकीचे लोक अक्षर ओळखतात तशा त्या काप ओळखायच्या. फांदीचं टोक बघून कुठल्या पात्यानं कापलं, ते पातं धारेत होतं की बोथट, हात घाईत होता की निवांत, हे सांगायच्या. निघताना त्यांनी कुंपणाच्या समुद्राकडच्या कडेची दोन टोकं खुडून पदरात बांधून आणली होती. सेक्रेटरींना दिसू न देता, कारण आधीच एकतीस सेंटिमीटर गेले होते, त्यात आणखी भर नको.

काका हात धुवायला उठले तशी काकूंनी खिडकीपाशी जाऊन भिंग लावलं. काकांच्या कात्रीचा काप तिरका आणि एका दमाचा असतो, आरशासारखा गुळगुळीत.

या टोकावर बारीक रेघा होत्या. जवळजवळ, समांतर, पुढे-मागे गेलेल्या. हे कात्रीनं कापलेलं नव्हतंच. हे करवतलेलं होतं.

३

“म्हणून काय झालं,” काका म्हणाले. “मी दीडशेवर छाटलं, मग कुणी तरी वरून थोडं नीट करायला गेलं असेल.”

आता याला काय म्हणावं. माणूस स्वतःच्या बाजूनं साक्ष देणाऱ्याचीच उलटतपासणी घेत होता.

मंगळवारी काकू मशीनवाल्याकडे गेल्या. कुंपण बिघडलं तर लाभ सरळ त्याचाच होता, म्हणून सुरुवात त्याच्यापासून. तो व्हॅनच्या मागच्या दारात बसून बॅटऱ्या चार्जिंगला लावत होता. काकूंना बघताच उठला आणि त्यांच्यासाठी खोकं रिकामं केलं. सेक्रेटरींनी या कामाबद्दल विचारलंय, हे त्यानं आपणहून सांगितलं. वर म्हणाला, काकांचं काम मला नको असं मी म्हणणार नाही, खोटं कशाला बोलू, पण ते काकांनी दिलं तर हवंय. त्यांच्याकडून असं काढून घेतलेलं नको.

काकूंनी मशीन बघायला मागितलं. लांब पातं, दोन्हीकडे दात. त्यानं शेजारच्या झुडपावर एक फटका मारून दाखवला आणि अर्धी अर्धी पानं फाटून हवेत उडाली. काकूंनी एक झेललं. कड चिंध्या झालेली होती. बहिणींच्या कुंपणावर त्यांना एकही फाटकं पान दिसलं नव्हतं. तिथे फांद्या एकेक करून कापल्या होत्या.

“एकेक?” मशीनवाला म्हणाला. “चौदा मीटर? काकू, एवढा रिकामा वेळ कुणाकडे असतो?”

तो थट्टेत बोलला, पण काकू घरी जाताना वाटभर तेच घोळवत राहिल्या. सेक्रेटरींकडे वेळ होता, पण ते पाच आठवडे गावात नव्हते. मुलांचा खोडसाळपणा म्हणावा, तर खोडसाळ मुलं पायवाट झाडून जात नाहीत. वेळ असलेलं, सवड काढून एकेक फांदी कापणारं, आणि मागचा केर उचलणारं माणूस हवं होतं.

आणि मग त्यांना एक गोष्ट आठवली, म्हणजे खरं तर न घडलेली गोष्ट. मागच्या वर्षी थोरलीनं काकांना फोन करून बोलावलं होतं, कारण एक फांदी, एकच, ओळीबाहेर आली होती. धाकटीनं एकदा दोन झुडपांमधली फट दाखवायला चिठ्ठी पाठवली होती. आता दोघींचं अख्खं कुंपण वीतभराहून जास्त उतरलं होतं.

आणि दोघींपैकी कुणीही तक्रार केली नव्हती.

४

बुधवारी त्या थोरलीकडे गेल्या. थोरली समुद्राच्या बाजूच्या घरात राहायची, वाचनालयातून निवृत्त झालेली, घरात प्रत्येक वस्तूला जागा आणि प्रत्येक जागेला लेबल. तिनं चहा केला, आणि पाव हातानं तोडून बशीत ठेवला. तुकडे ओबडधोबड पडले. ज्या घरात चमचेसुद्धा उंचीनुसार लागतात तिथे हे काकूंना खटकलं.

“सुरी बोथट झालीय हो,” थोरली म्हणाली. “पावाची. तुम्हाला द्यायचीच होती.”

काकूंनी कुंपणाचा विषय काढला तर ती म्हणाली, हो का, मी नीट पाहिलं नाही. हे बोलताना तिची खुर्ची खिडकीकडे तोंड करून होती आणि खिडकीतून कुंपणाशिवाय काही दिसत नव्हतं. काकांचं विचारलं, त्यांच्या डोळ्याचं विचारलं, बराच वेळ विचारत राहिली. निघताना काकूंनी दातेरी सुरी पिशवीत टाकली.

धाकटीकडे यंत्राचा आवाज येत होता. ती कपडे शिवायची, आणि बोलायची एवढी की दोरा संपला तरी वाक्य संपत नसे. थोरलीचं नाव मात्र तिच्या बोलण्यात आलं नाही, ‘पलीकडे’ एवढंच. पलीकडे हल्ली रात्रीचा दिवा लवकर मालवतात. पलीकडे खोकला बरा होत नाहीये वाटतं. गुडघ्याला पट्टा लावलाय की नाही कोण जाणे.

काकूंनी कात्री मागितली, सहज बघते म्हणून. कापडाची मोठी कात्री, काकूंनीच वीस दिवसांपूर्वी लावलेली. अंगठ्यावर धार बघितली तर काही उरलंच नव्हतं, आणि खिळ्यापाशी चिकट काळपट राप बसला होता.

“जाड कापड होतं,” धाकटी म्हणाली, आणि तिनं दुसऱ्या कशाबद्दल तरी बोलायला सुरुवात केली.

कात्रीही धारेला घेऊन काकू बाहेर आल्या. त्यांच्या पिशवीत आता दोन पाती होती. इतका वेळ त्या एका माणसाला शोधत होत्या.

५

गुरुवारी दुपारी दोन्ही घरी वामकुक्षीची शांतता होती तेव्हा काकू टोकाच्या झुडपात खांद्यापर्यंत शिरल्या. वरून आणि बाजूनं झाडता येतं. आत अडकलेलं कुणी झाडत नाही. तासाभरानं त्या बाहेर आल्या तेव्हा त्यांच्याकडे फांद्यांचे तेवीस तुकडे होते आणि केसांत एक कोळी.

घरी त्यांनी टेबलावर वर्तमानपत्र पसरलं, तुकडे मांडले आणि काकांना हाक मारली. काका आले ते तोंड पाडूनच.

“अहो, तुम्ही एका दमात एकशे ऐंशीचं दीडशे केलं असतं, तर वरचे तुकडे केवढे पडले असते?”

“फूटभर. तीस सेंटिमीटर.”

“हे बघा.”

एकही तुकडा नऊ सेंटिमीटरपेक्षा मोठा नव्हता. म्हणजे कुंपण एकदा नव्हे, अनेकदा, थोडं थोडं कापलं गेलं होतं. शिवाय प्रत्येक तुकड्याची दोन टोकं काहीतरी सांगत होती. चौदा तुकड्यांवर करवतल्याच्या रेघा होत्या, पावाच्या सुरीच्या दातांइतक्याच अंतरावर, आणि हे सगळे समुद्राकडच्या अर्ध्या भागात सापडले होते. नऊ तुकड्यांची टोकं दोन्हीकडून चिमटलेली होती, कापडाची कात्री लाकडावर चालवली की होतात तशी, आणि हे सगळे पलीकडच्या अर्ध्यात. पाऊण मीटर जाडीच्या कुंपणावर स्टुलावरून हात अर्ध्यापर्यंतच पोचतो. दोघींनी आपापलं अर्धं कापलं होतं.

काका पुढे झुकले. काकूंनी पाच तुकडे वेगळे काढले.

“हे सगळ्यात वरचे. यांचं वरचं टोक ओळखा.”

काकांनी भिंग घेतलं नाही. अंगठ्यानंच चाचपलं. तिरकं, गुळगुळीत, एका दमाचं. ते आपलंच काम होतं. म्हणजे आठ आठवड्यांपूर्वी कुंपण जिथे हवं तिथेच छाटलं गेलं होतं, आणि मग त्याखाली दोन बायकांनी कात्री-सुरी चालवली होती. काकांनी चष्मा काढून पुसला, जरी या कामात त्यांनी तो वापरला नव्हता.

“आता लांबी बघा,” काकू म्हणाल्या. “या पाचातले तीन सुरीचे, प्रत्येक आठ सेंटिमीटरचा. दोन कात्रीचे, प्रत्येक चारचा. खालचे बाकी सगळे कुणाचेही घ्या, आठच्या आसपास. असं का?”

काकांनी टेबलावर बोटानं रेघ ओढली. एकीनं आपली बाजू चार सेंटिमीटर उतरवली. दुसरीला तिच्या बरोबरीला यायला चार कापावे लागले, आणि आपल्याकडून पुढे आणखी चार. मग पहिलीला चार बरोबरीचे, चार पुढचे. प्रत्येक वेळी आठ. फक्त जिनं सुरुवात केली, तिचा पहिला तुकडा चारचा.

“भांडण नाही हे,” काका म्हणाले. “गप्पा चालल्यात त्यांच्या.”

समुद्राकडे एकशे एकोणपन्नास, पलीकडे एकशे बावन्न. शेवटची सुरी फिरली होती. आता पाळी धाकटीची होती, आणि तिची कात्री काकूंच्या पिशवीत.

काकू उठल्या. सेक्रेटरींना आत्ताच सांगून येते म्हणाल्या. काकांनी त्यांचा हात धरला.

“काही सांगायचं नाही,” ते म्हणाले. “आईच्या आजारपणात थोरलीनं वेळेवर कळवलं नाही म्हणून तीन वर्षं तोंड बघत नाहीत एकमेकींचं. आता कुठे तोंड दिसायला बोटभर राहिलंय. चारचौघांत नाव घेतलंस तर दोघी लाजेनं पुन्हा दोन मीटर वाढवून घेतील. गल्ली गेली तर जाऊ दे. माझा हात शाबूत आहे हे मला कळलं, पुरे.”

आणि तो माणूस तीन दिवसांनी पहिल्यांदा नीट जेवला. काकूंनी मात्र ताट बाजूला सारून पिशवीतली दोन पाती बाहेर काढली.

६

रविवारी सकाळी नऊ वाजता काकू दोन्ही पात्यांना धार लावून गल्लीत गेल्या. नवऱ्याचा शब्द त्यांनी मोडला नाही. सेक्रेटरींना काही सांगितलं नाही. थोरलीची बेल वाजवली, धाकटीची बेल वाजवली, आणि कुंपणाच्या टोकाशी, दोन्ही पायवाटा दिसतील अशा उभ्या राहिल्या. दोघी आपापल्या बाजूनं आल्या. काकूंनी एकीच्या हातात सुरी दिली, एकीच्या हातात कात्री.

“दहा वाजता कमिटीची बैठक आहे,” त्या म्हणाल्या. “ह्यांचं काम काढून घेतायत. कुंपण ह्यांनी बिघडवलं म्हणून. हेसुद्धा म्हणतायत मीच केलं. एवढंच सांगायला आले.”

कुंपणाच्या वर दोन्हीकडून केसांचा भांग तेवढा दिसत होता, एक पांढरा, एक मेंदी लावलेला.

“पण त्यांनी नाही केलं,” धाकटी म्हणाली. काकूंना नव्हे.

“ते माहितीये मला,” थोरली म्हणाली. तीही काकूंना नव्हे.

तीन वर्षांतलं हे पहिलं बोलणं. काकू एक पाऊल मागे सरल्या.

“तूच सुरू केलंस,” धाकटी म्हणाली.

“मी? मी कशाला सुरू करीन? सकाळी उठून बघते तर तुझी बाजू खाली गेलेली.”

“काहीतरीच. काकू, तुम्ही सांगा. तुम्हाला काप कळतात. कुणी सुरू केलं?”

काकूंनी खोटं बोलायचं ठरवून बघितलं, पण जमलं नाही. पदराची गाठ सोडून त्यांनी चार सेंटिमीटरचा तुकडा कुंपणाच्या माथ्यावर ठेवला, अगदी मधोमध, आणि तो चारचाच का आहे ते सांगितलं. टोकं चिमटलेली होती. धाकटी खाली फरशीकडे बघायला लागली.

“खोकला ऐकू यायचा,” ती म्हणाली. “कशी आहे ते दिसायचं नाही. म्हटलं दोन बोटं कापली तर कुणाला कळणार आहे.”

“मला त्याच दिवशी कळलं,” थोरली म्हणाली. “सुरी सापडेना. दोन दिवस शोधत होते.”

पुढचं काकूंनी मुद्दाम ऐकलं नाही. त्या फाटकापाशी जाऊन उभ्या राहिल्या. आवाज तेवढे येत होते, आधी एक, मग दुसरा, मग दोन्ही एकदम, आणि मध्येच ‘आई’ हा शब्द दोनदा.

दहाला पाच कमी असताना सेक्रेटरी वही घेऊन निघाले, तर थोरलीनं त्यांना पायवाटेवरच गाठलं. सांगितलं की कुंपण आमचं आहे, आम्ही कापलं, आणि काकांचं नाव त्या वहीत लिहायचं नाही. सेक्रेटरींनी विचारलं, आम्ही म्हणजे कोण? कुंपणापलीकडून आवाज आला, “आम्ही म्हणजे आम्ही.” सेक्रेटरींनी आयुष्यात पुष्कळ वाद ऐकले होते, पण या दोघींना एकाच बाजूला उभं असलेलं पाहायची त्यांना सवय नव्हती. त्यांनी वही मिटली. मग काकांची माफी मागायला स्वतः त्यांच्या घरी गेले, आणि येताना त्यांना घेऊनच आले.

काकांच्या खांद्यावर शिडी होती, हातात कात्री, खिशात दोरी आणि पाणसळ. माथा बघून त्यांनी कपाळाला हात लावला.

“हा काय प्रकार आहे,” ते बहिणींना म्हणाले. “माणसानं पाव तरी नीट कापावा.”

थोरली म्हणाली, एकशे पंचेचाळीस ठेवा, अगदीच उघडं नको. धाकटी म्हणाली, पस्तीस, ताईला बसल्या जागेवरून दिसलं पाहिजे, गुडघा दुखतो तिचा. दहा मिनिटं त्यावर हुज्जत झाली, अगदी मन लावून. मधला आकडा ठरला.

काकांनी दोन टोकांना खुंट्या मारल्या, दोरी ताणली, पाणसळीतला बुडबुडा मध्ये येईपर्यंत थांबले. ते शिडी चढताना काकूंनी शिडीचा पाय धरला, तर म्हणाले, “अगं, सोड, मी काय पडतोय.” मग कात्री चालू झाली, एका लयीत, आणि काकू जाऊन फरशीवर सावलीत बसल्या. मशीनवाला व्हॅन थांबवून खाली उतरला आणि शेवटपर्यंत बघत राहिला.

छाटणी सव्वा तासात संपली. सेक्रेटरींनी टेप मागून घेतला आणि उंची तीन ठिकाणी मोजली.

समुद्राकडची कड, एकशे चाळीस सेंटिमीटर. मध्यभाग, एकशे चाळीस. पलीकडची कड, एकशे चाळीस.